पोट भरलं, पण अंगी लागलं नाही: मायक्रोप्लास्टिक समुद्री जिवांचं नेमकं काय करतं

प्रश्न असा आहे: ‘माशांच्या पोटात मायक्रोप्लास्टिक सापडल्याची बातमी दर दोन-तीन महिन्यांनी वाचतो. पण बंदरावर उतरणारा बांगडा, सुरमई तर चांगली तजेलदार दिसते. मग या प्लास्टिकने समुद्रातल्या जिवांना खरंच काही होतं, की नुसताच बाऊ आहे? आणि आम्ही मासे खावेत का?’

हाच प्रश्न मला पहिल्यांदा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, विचारला होता. पोटं तपासायला मी त्याच्याकडून बांगडे मोजून घेत होतो. बर्फाच्या पेटीला टेकून तो म्हणाला, "सर, पोटात प्लास्टिक असतंय, तर मासा मेला का नाय?" त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत बोलून निसटलो. त्यानंतरची वीसेक वर्षं माशांची, कालवांची, खेकड्यांची आतडी उघडून बघण्यात गेली. आज त्याला उत्तर देता येईल.

मासा मरत नाही. निदान बहुतेक वेळा तरी नाही. मायक्रोप्लास्टिक विषासारखं कमी आणि भेसळीसारखं जास्त वागतं. पिठात खडूची भुकटी मिसळली तर खाणारा त्याच रात्री आडवा होत नाही. पोट भरतं, पण अंगी लागत नाही. घरातली मिळकत घटली की चूल लगेच बंद पडत नाही. आधी सणवार आटोपशीर होतात, नवे कपडे पुढच्या वर्षावर जातात. प्राण्याचं शरीरही असंच कात्री लावतं. आधी अंड्यांना, मग वाढीला. श्वास आणि हालचाल शेवटपर्यंत चालू राहते. म्हणून बंदरावरचा बांगडा बघून यातलं काही कळत नाही. तो तर तगलेला मासा आहे. जो बोटाच्या पेराएवढा असतानाच खंगला, तो जाळ्यात येतच नाही.

आता जरा सविस्तर.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हा शब्द रूढ झाला २००४ साली, इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधामुळे. पण गोष्ट त्याहून जुनी आहे. १९७२ सालीच सरगॅसो समुद्रात पृष्ठभागावर प्लास्टिकचे दाणे तरंगत असल्याची नोंद ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात छापून आली होती. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मात्र ‘मायक्रोप्लास्टिक’ ही एक वस्तू नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. त्यात कारखान्याचा कच्चा माल असलेले गोल दाणे येतात, बादल्या-पिशव्यांचे झिजून झालेले कपचे येतात, पॉलिस्टर-नायलॉनचे तंतू येतात, गाड्यांच्या टायरची घासून उडालेली पूडही येते. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तरंगतं. नायलॉन, पीव्हीसी आणि पाण्याच्या बाटलीचं पेट जड, म्हणून तळाला बसतं. तरंगणाऱ्या तुकड्यावरही काही आठवड्यांत जिवाणू-शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो आणि तोही बुडू लागतो. म्हणजे पापलेटाच्या वाट्याला येणारं प्लास्टिक वेगळं, कुर्लीच्या वाट्याचं वेगळं आणि तिसऱ्यांच्या वाट्याचं आणखी वेगळं. ‘मायक्रोप्लास्टिकचा परिणाम काय’ हा प्रश्न ‘औषधाचा परिणाम काय’ असं विचारण्यासारखा आहे. कुठलं औषध, किती, कुणाला?

मला स्वतःला सगळ्यात पटलेला प्रयोग खेकड्यांवरचा आहे, कारण त्यात वापरलेलं प्लास्टिक ओळखीचं होतं: दोर. २०१५ साली ब्रिटिश संशोधकांनी तिथल्या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्यांच्या खाण्यात पॉलिप्रॉपिलीनच्या दोराचे १ ते ५ मिलिमीटरचे धागे मिसळले. प्रमाण अगदी कमी, वजनाच्या जास्तीत जास्त एक टक्का. चार आठवडे हे चाललं. एकही खेकडा विषबाधा झाल्यासारखा तडफडला नाही. पण त्यांची भूक हळूहळू मेली. सगळा खर्च भागवून वाढीसाठी रोज जी ऊर्जा शिल्लक राहायची, ती साध्या खाण्यावरच्या खेकड्यांत सुमारे ०.५९ किलोज्यूल होती. एक टक्का दोर खाणाऱ्यांमध्ये ती उणे ०.३१ वर गेली. उणे म्हणजे काय, तर खेकडा साठवलेलं मोडून खात होता.

याच्या जोडीला स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीतली गोष्ट ठेवा. तिथे शेवंडीसारखा एक लहान प्राणी पकडतात. २०११ साली त्याची पोटं तपासली, तेव्हा १०० पैकी ८३ पोटांत प्लास्टिक निघालं, बहुतेक दोराच्या धाग्यांचे गुंते, सुताच्या गुंडीसारखे. पुढे त्याच प्राण्याला प्रयोगशाळेत आठ महिने प्लास्टिक घातलेलं खाणं दिलं, तर त्याची तब्येत उतरली आणि तो उपाशी ठेवलेल्या सोबत्यांच्या वळणावर गेला. या प्राण्याला एक सोय मात्र निसर्गाने दिली आहे. कात टाकताना जठराचं अस्तरही निघून जातं आणि त्यासोबत गुंडीही बाहेर पडते. पण मोठं झाल्यावर कात टाकणं विरळ होतं. आपल्याकडच्या कुर्ल्या, शेवंडी, कोळंबी हे सगळे कात टाकणारेच. आणि आपल्या खाड्यांत डोलजाळ्यांचा, पाण्यात सोडलेल्या जाळ्यांचा, गाठी मारून कापून टाकलेल्या दोरटोकांचा काय खच असतो, हे कुठल्याही खलाशाला विचारा. हिरवे-निळे धागे मी ज्या पोटांमधून काढले, त्यातले कितीतरी बाजारातल्या पिशव्यांचे नव्हते, आमच्याच होड्यांचे होते. हे बोललं की बंदरावर काही जण नाराज होतात. होऊ देत.

खेकडा दिसतो तरी. खरी काळजी मला न दिसणाऱ्यांची वाटते.

समुद्रातलं जवळजवळ सगळं मोठं खाणं शेवटी कोपेपॉड नावाच्या इवल्या प्राण्यांवर येऊन टेकतं. तांदळाच्या कणीएवढा किंवा त्याहूनही लहान, झिंग्याचा लांबचा चुलतभाऊ. सूक्ष्म वनस्पती खातो आणि स्वतः तारली, बांगडा, माशांची नुकती फुटलेली पिलं यांचं खाणं होतो. २०१५ साली इंग्लिश खाडीतल्या कोपेपॉडना त्यांच्या नेहमीच्या खाण्यासोबत २० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे, पॉलिस्टिरीनचे मणी दिले. आता निकाल नीट वाचा. त्यांनी गिळलेल्या वनस्पती-पेशींची संख्या फक्त ११ टक्क्यांनी कमी झाली. पण पोटात गेलेलं कार्बनचं, म्हणजे खऱ्या अन्नाचं, वजन ४० टक्क्यांनी घटलं. कारण मणी ज्या आकाराचे होते, त्या आकाराच्या भरदार पेशी त्यांनी घेणंच कमी केलं आणि बारीक पेशींवर भागवलं. घास जवळजवळ तेवढेच, जेवण निम्म्याहून थोडं जास्त. हे पुढे चालू राहिलं तेव्हा अंडी लहान पडली आणि त्यातली फुटणारी कमी झाली. एकही कोपेपॉड ‘प्लास्टिकने मेला’ असं या कथेत कुठेच नाही. तरी पुढची पिढी रोडावली.

त्याच संशोधकांच्या गटाचा आणखी एक प्रयोग सांगतो, कारण त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. कोपेपॉडची विष्ठा. हसू नका. लहान-लहान लेंड्यांच्या रूपाने ती खाली बुडते, वरच्या पाण्यातला कार्बन खोल तळाकडे नेते आणि वाटेत असंख्य जिवांचं पोट भरते. प्लास्टिकचे मणी असलेल्या लेंड्या हलक्या झाल्या आणि त्यांचा बुडण्याचा वेग दुपटीहून जास्त मंदावला. एका लेंडीचं काय एवढं? पण अख्ख्या समुद्रात अशा लेंड्यांचा अखंड पाऊस पडत असतो. तो पाऊस रेंगाळला तर खालच्यांच्या ताटात उशिरा आणि कमी पडतं.

तळातही सुटका नाहीच. प्रशांत महासागरातल्या मेरियाना गर्तेसारख्या सर्वांत खोल जागी राहणाऱ्या झिंगेवजा प्राण्यांच्या पोटातही मानवनिर्मित तंतू सापडले आहेत. त्या गर्तेतल्या एका नव्या जातीला २०२० साली नाव देताना शास्त्रज्ञांनी जातिनामच ‘प्लास्टिकस’ ठेवलं. बारशाच्या दिवशीच असं नाव पदरी पडलेला दुसरा जीव मला माहीत नाही.

कालवांवरचा प्रयोग फ्रान्समधला, २०१६ चा. प्रशांत महासागरी कालवांना विणीच्या आधी दोन महिने २ आणि ६ मायक्रॉनच्या मण्यांच्या पाण्यात ठेवलं. कालवं भरपूर खात होती, उलट थोडं जास्तच. तरी अंड्यांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली, शुक्राणूंचा वेग २३ टक्क्यांनी कमी झाला आणि त्यांच्यापासून झालेली पिलं ४१ टक्क्यांनी कमी भरली. पिलांना स्वतः प्लास्टिक दिलेलंच नव्हतं, तरी त्यांची वाढ मंद राहिली. आईबापांच्या अंगी लागलं नाही आणि अशक्तपणा मुलांच्या अंगात उतरला. माझ्या ‘भेसळ’ या शब्दामागचा मुख्य आधार हा आहे. शरीर खातंय, पचवायचा प्रयत्न करतंय, त्यावर ऊर्जा खर्च करतंय आणि हाती येत नाही.

कण फार बारीक असला की तो आतड्याची भिंत ओलांडतो, हेही दिसलं आहे. शिणाण्यांच्या कुळातल्या निळ्या शिंपल्यांच्या प्रयोगात (२००८) मायक्रॉनमध्ये मोजायचे मणी तीन दिवसांत त्यांच्या रक्तासारख्या द्रवात पोचले आणि ४८ दिवसांनंतरही तिथेच होते. खेकडे तर कल्ल्यांवाटेही कण आत घेतात आणि पोटातल्यापेक्षा कल्ल्यांतले कण जास्त दिवस टिकतात. अंटार्क्टिकातला क्रिल हा झिंग्यासारखा प्राणी आणखी पुढे जातो: त्याचं पचनेंद्रिय मणी भरडून एक मायक्रॉनहून बारीक पूड करून बाहेर टाकतं. म्हणजे प्राणी नुसते बळी नाहीत, या कचऱ्याची गिरणीही आहेत. पक्ष्यांत जखमा उघड दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हॉव बेटावरच्या शिअरवॉटर पक्ष्यांच्या जठरात प्लास्टिकच्या सततच्या घासण्याने व्रण पडून ऊती कडक झाल्याचं २०२३ साली मांडलं गेलं. त्या आजाराला ‘प्लास्टिकोसिस’ असं नाव दिलं आहे. त्यात मोठे तुकडेही होते, फक्त मायक्रो नव्हे.

इथे थांबून दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर मीही त्या बातम्यांसारखाच होईन.

प्रयोगशाळेत वापरलेलं प्रमाण आणि खऱ्या समुद्रातलं प्रमाण यांत बरंच अंतर असतं. २०१६ साली काही संशोधकांनी हिशेब मांडून दाखवला की अनेक प्रयोगांत समुद्रातल्या मोजलेल्या प्रमाणापेक्षा शंभरपट ते कोटपट जास्त कण वापरले होते. शिवाय गुळगुळीत, एकाच आकाराचे नवेकोरे मणी समुद्रात असतात कुठे? तिथे वेडेवाकडे, उन्हाने तडकलेले, बुळबुळीत थर चढलेले तुकडे असतात. त्यामुळे वरचे टक्के जसेच्या तसे अरबी समुद्राला लावू नका. त्यातून घ्यायची ती दिशा: काय बिघडतं आणि कुठल्या क्रमाने बिघडतं. खेकड्यांचा दोराचा प्रयोग मला जास्त जवळचा वाटतो तो यासाठीच.

या क्षेत्रात घाईही झाली आहे. २०१६ साली ‘सायन्स’मध्ये एक निबंध गाजला होता: माशांची पिलं खऱ्या खाण्यापेक्षा प्लास्टिक पसंत करतात म्हणे. जगभर मथळे झाले. पुढच्याच वर्षी तो मागे घेण्यात आला, कारण प्रयोग सांगितल्याप्रमाणे झाल्याचं दाखवता आलं नाही. मागे घेतल्याची बातमी कितीजणांनी वाचली असेल? मला आजही भाषणानंतर लोक तो ‘शोध’ ऐकवतात.

तिसरी गोष्ट रसायनांची. प्लास्टिकचा दाणा आजूबाजूच्या पाण्यातलं पीसीबी, डीडीटीच्या कुळातलं विष स्पंजासारखं ओढून घेतो. जपानी संशोधकांनी २००१ साली दाखवलं की दाण्यातलं प्रमाण पाण्याच्या तुलनेत लाखो पटीने चढू शकतं. ऐकून धडकी भरते. पण मासा ते विष पाण्यातून आणि आपल्या भक्ष्यातूनही घेतच असतो आणि बहुतेक ठिकाणी त्या वाटेने येणारा वाटा प्लास्टिकवाटे येणाऱ्यापेक्षा मोठा ठरतो. म्हणजे प्लास्टिक विष वाहून नेतं हे खरं, पण त्या रस्त्यावरचा तो एकटा हमाल नाही.

मग प्लास्टिकने थेट, पटकन, ढिगाने मासे मेल्याचं एकही उदाहरण नाही का? आहे. आणि ते मी तांडेलाला सांगितलं असतं तर त्याला आवडलं असतं, कारण ते एखाद्या गुन्ह्याच्या तपासासारखं आहे. अमेरिकेत सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन (सॅल्मन) मासे समुद्रातून अंडी घालायला वर चढायचे आणि पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच कलंडून मरायचे. कित्येक वर्षं कारण सापडेना. शेवटी २०२० च्या अखेरीस उलगडा झाला: टायरचं रबर टिकावं म्हणून त्यात एक रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन जे नवीन संयुग बनतं, ते या माशाला अत्यल्प प्रमाणातही जालीम ठरतं. टायरची झिजलेली पूड पावसाच्या पाण्यासोबत ओढ्यात यायची. गंमत म्हणजे त्याच ओढ्यातला चम जातीचा सामन त्याच पाण्यात सुखरूप राहतो. दोघं सख्खे भाऊ शोभावेत असे, पण एकाला बाधतं, दुसऱ्याला नाही. म्हणूनच ‘माशांना काय होतं’ असं सरसकट विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठल्या माशाला?

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू.

मुंबईच्या आक्सा, वर्सोवा, जुहू आणि दादर या चार किनाऱ्यांची मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. दर चौरस मीटर वाळूत सरासरी सुमारे ६९ तुकडे निघाले आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त मायक्रोप्लास्टिकच्या मापात बसणारे होते. गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर तर २००६ सालीच दर किलो गाळात ८१ मिलिग्रॅम बारीक प्लास्टिक मोजलं होतं. ‘हे आता नव्याने आलं’ असं म्हणणाऱ्यांना मी तो आकडा दाखवतो.

गोव्यात केरीपासून गालजीबागपर्यंत सहा किनाऱ्यांवर गोळा केलेल्या दाण्यांचा अभ्यास झाला आहे, २०१५ च्या जूनमधल्या आणि २०१६ च्या जानेवारीतल्या. बहुतेक दाणे पांढरे, पॉलिथीन-पॉलिप्रॉपिलीनचे. नैर्ऋत्य मोसमी वारे आणि तेव्हाचे प्रवाह त्यांना खुल्या समुद्रातून किनाऱ्याला आणून टाकतात. म्हणजे कचरा गोव्याचा असेलच असं नाही, पण पुळण गोव्याची. दक्षिण गोव्यातल्या साळ नदीच्या मुखाशी पाणी, गाळ, शिणाणे, कालवं, तिसऱ्या आणि शेवटे-काळुंद्रासारखे मासे अशी सगळी साखळी एकत्र तपासली गेली. प्लास्टिक सगळीकडे होतं, आणि सर्वांत जास्त तंतू.

दाण्यांच्या बाबतीत गेली काही वर्षं आपल्या शेजारी फार वाईट गेली. २०२१ च्या मे महिन्यात कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज पेटलं आणि त्यावरचे सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे समुद्रात सांडले. जगात आजवर असा एवढा सांडा झालेला नाही. काही दाणे पांढरे राहिले, काही जळून काळ्या ढेकळांसारखे झाले. जळलेले ओळखायला अवघड आणि रासायनिकदृष्ट्या जास्त गुंतागुंतीचे. मग २०२५ च्या मेमध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर पांढऱ्या दाण्यांचे पट्टे आले. साबुदाणा सांडावा तसे. माशांच्या अंड्यांच्या मापाचा, तरंगणारा, पांढरट दाणा पक्ष्यांना, कासवांना, मोठ्या माशांना खाण्यासारखा वाटला तर नवल नाही. कोपेपॉडच्या तोंडात मात्र तो मावत नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचतो तो बऱ्याच वर्षांनी, भुगा होऊन.

माझी स्वतःची धास्ती सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण हा अनेक जातींच्या विणीचा काळ. आणि नेमकं याच दिवसांत नदी-नाले वर्षभराचा कचरा एका दमात खाडीत आणि खाडीतून समुद्रात ढकलतात. पिलं पाण्यात आणि भुगाही पाण्यात, एकाच वेळी, एकाच वरच्या थरात. आम्ही नमुने मात्र घेतो ऑक्टोबरनंतर, कारण पावसाळ्यात होडी कोण काढणार? ज्या महिन्यांचं सगळ्यात जास्त कळायला हवं, त्याच महिन्यांची आमची वही कोरी.

वेळास आणि आंजर्ल्याच्या कासवांबद्दल हमखास विचारतात, म्हणून दोन ओळी. २०१८ च्या एका अभ्यासात तीन समुद्रांतल्या, सातही जातींच्या १०२ कासवांची आतडी तपासली. एकही कोरं निघालं नाही. ऑलिव्ह रिडलेचं पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं आणि वाळूत प्लास्टिक फार मिसळलं तर ती तापण्याची पद्धत बदलते, हे हवाईमधल्या किनाऱ्यावर मोजून दाखवलं आहे. वेळासच्या वाळूत तेवढं प्लास्टिक नाही. तिथे कासवाला आज जास्त धोका अख्ख्या जाळ्याचा आहे, जाळ्याच्या भुग्याचा नंतर.

बातम्यांमधल्या आकड्यांबद्दल एक गोष्ट कबूल करून टाकतो. सुरुवातीच्या काळात आमच्या प्रत्येक नमुन्यात निळे तंतू निघायचे. बांगड्यात निळे, कोळंबीत निळे, तिसऱ्यांत निळे. आम्ही खूश, सापडतंय म्हणून. मग एकदा मासा न ठेवता नुसती ताटली तशीच उघडी ठेवून तपासली, तर त्यातही निळे. चोर माझ्या अंगावर होता: टेरिकॉटचा निळा शर्ट. चार महिन्यांची मोजणी फेकून द्यावी लागली. तेव्हापासून प्रयोगशाळेत भडक केशरी सुती कोट, म्हणजे धागा पडलाच तर आपला आहे हे कळतं, आणि प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक रिकामी ताटली. आतडी दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० अंशांना एक-दोन दिवस ठेवली की मांस विरघळतं, प्लास्टिक राहतं. मग गाळून भिंगाखाली. तापलेल्या सुईने वितळलं तर प्लास्टिक असावं, पण खात्री फक्त अवरक्त किरणांच्या यंत्राने. कारण रंगवलेला सुती धागा डोळ्याला हुबेहूब पॉलिस्टर वाटतो. २०२० साली जगभरच्या समुद्रांतले तंतू यंत्राने तपासले तेव्हा त्यातले जेमतेम ८ टक्के कृत्रिम निघाले. बाकी कापूस, लोकर वगैरे. म्हणून ‘प्रत्येक माशात अमुक तुकडे’ अशी बातमी दिसली की मी आधी बघतो, यंत्राने खात्री केली का आणि रिकामी ताटली ठेवली होती का. नसेल तर पान उलटतो.

शिवाय पोटातला आकडा हा त्या दिवसाचा फोटो असतो. मासा खातो तसं बरंचसं बाहेरही टाकतो. पाऱ्यासारखं प्लास्टिक लहान माशातून मोठ्यात चढत-चढत साठतं, असं चित्र काढतात, पण मिलिमीटरच्या मापाच्या तुकड्यांबाबत ते तसं दिसत नाही.

राहिला खाण्याचा प्रश्न. मी खातो. आठवड्यातून चार वेळा. आपण बांगडा, सुरमई, पापलेट, बोंबील साफ करून, आतडी काढून खातो आणि तुकडे बहुतेक आतड्यातच असतात. सबंध पोटासकट पोटात जातात ते जवळा, कालवं, तिसऱ्या, शिणाणे. तिसऱ्या वाळू सुटावी म्हणून पाण्यात ठेवायची आपली रीत इथेही उपयोगी पडते; युरोपात शिणाणे-कालवं तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवली तेव्हा त्यांच्यातले कण कमी झाले. एका रात्रीत तेवढं होणार नाही, पण काही होतं. पाणी मात्र मिठाचं घ्या, नाहीतर त्या तोंडच उघडत नाहीत. कोळंबीचा पाठीतला काळा दोरा काढता तो काढतच राहा, ते तिचं आतडं आहे. आणि तरीही धाकधूक वाटली तर हे ऐका: ब्रिटनमध्ये हिशेब केला की वर्षभर शिणाणे खाऊन माणसाच्या पोटात सुमारे १२३ कण जातात, तर जेवताना ताटात घरातल्या धुळीतून पडणारे तंतू किमान तेरा हजार. शिणाण्यांवर संशय घेणारा सोफ्यावर बसून घेतो.

काय करता येईल, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तांडेलाने विचारलं होतं. त्याला मी एकच सांगितलं: दोर कापला की टोक होडीतच ठेव, पाण्यात सोडू नको. केरळात नीन्दकरा बंदरावर २०१७ पासून जाळ्यात आलेलं प्लास्टिक मच्छीमार किनाऱ्यावर आणून देतात आणि त्याचा भुगा रस्त्याच्या डांबरात जातो. असं आपल्या दोन-चार बंदरांवर सुरू व्हायला काही मोठा कायदा लागत नाही. मोठ्या कायद्याची वाट बघण्यात तसाही अर्थ नाही. प्लास्टिकवरच्या जागतिक कराराची जिनिव्हातली बैठक २०२५ च्या ऑगस्टमध्ये करार न होताच उठली.

शाळेतल्या मुलांना दाखवायचं असेल तर दहा-बारा बांगड्यांची किंवा तारल्यांची आतडी मला पाठवलीत तरी चालेल, साधं भिंग असेल तर शाळेतच बघता येतील. पकडल्याची जागा आणि तारीख कागदावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवा आणि मासे बर्फात घाला. फक्त मासे प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका. स्टीलचा डबा घ्या, आणि झाकणाचं रबर आधी काढून ठेवा.